बायको रोह्यात, कर जर्मनीत

माझ्या बायकोला नऊ वर्षांची कायम नोकरी सोडायला मी लावली, आणि तीही एका आकड्यापायी. आकडा चुकीचा होता. तो मीच काढला होता. खरं तर इथेच थांबायला हरकत नाही. पण त्या आकड्यामुळे ती सहा महिने पेणकरांच्या लेखी जर्मनीत आणि प्रत्यक्षात रोह्याला वडिलांकडे राहिली, हे सांगितल्याशिवाय माझी कबुली पुरी होत नाही.

तेव्हा मी रोह्याच्या एका केमिकल कंपनीत शिफ्ट इनचार्ज होतो. राहायला पेणला, रामवाडीत, भाड्याच्या दोन खोल्यांत. बायको वृंदा पेणच्याच एका प्राथमिक शाळेत तिसरी ब शिकवायची. मुलगी मुक्ता चार वर्षांची. कंपनीत माझी खरी प्रतिष्ठा शिफ्टमुळे नव्हती. ती होती इन्कम टॅक्समुळे. फेब्रुवारी उजाडला की सगळा प्लँट आपापल्या पावत्या घेऊन माझ्या टेबलापाशी यायचा. विम्याचे हप्ते, पोस्टाची सर्टिफिकेटं, घरभाडं, औषधांची बिलं. सगळं चाळून मी कर कमी करून द्यायचो. (फी म्हणून कँटीनचा वडा. मार्चपर्यंत माझं वजन दोन किलो वाढायचं.)

"भाऊ, औषधाचं बिल नाय," गणा म्हात्रे नावाचा ऑपरेटर एकदा म्हणाला.

"वर्षभरात घरात कुणी आजारीच नाही पडलं?"

"नाय ना."

"मग भर कर," मी गंभीरपणे म्हणालो. "निरोगी माणसाला सरकार सोडत नाही."

अशी वाक्यं दहा वर्षं बोलत राहिलं की माणसाला आपण अर्थमंत्री आहोत असं वाटायला लागतं. मला वाटायला लागलं होतं.

शहाण्णव साली आमच्या कंपनीचा एका जर्मन कंपनीशी करार झाला आणि तिकडच्या प्लँटवर तीन वर्षांसाठी माझी निवड झाली. पत्रात पगार लिहिला होता : महिना चार हजार दोनशे मार्क. एका मार्काचे तेव्हा तेवीस-चोवीस रुपये व्हायचे. कंपनीच्या बसमध्ये सगळ्यांनी तो गुणाकार दोनदा करून पाहिला. मग गणाने विचारलं, "पण भाऊ, हातात किती पडंल?"

बसमधल्या निम्म्या लोकांचं मत होतं की सगळाच पडेल. कारण आमच्याकडे 'बाहेर' म्हणजे दुबई आणि मस्कत, आणि तिकडे कर नसतो हे सगळ्यांना पाठ. मी त्यांच्याकडे करुणेने पाहिलं. "जर्मनी म्हणजे दुबई नव्हे," मी म्हणालो. "तिकडे कर असतो. बघावं लागेल."

ते मी बघितलं, घरी, भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मार्च महिन्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला. इथे माझ्या पगारावर जेवढा टक्का बसायचा त्याच्या दुप्पट धरला. का? तर युरोप आहे, म्हणून. मग नेहमीप्रमाणे तो कमी करायला घेतला. विम्याचे हप्ते, पोस्टाची सर्टिफिकेटं, दोन माणसं अवलंबून. सूट काही पुरेशी होईना, तेव्हा सूट वाढवण्यासाठी मी आणखी गुंतवणूक केली. वृंदाने तिच्या पगारातून बाजूला टाकलेल्या रकमेची सहा वर्षांच्या मुदतीची सर्टिफिकेटं घेतली आणि मुक्ताच्या लग्नाचा विमा उतरवला. जर्मनीतला कर वाचवण्यासाठी! पेणच्या पोस्टातल्या क्लार्कनेही "छान विचार केलात" म्हटलं. खाली मी दोन रेघा मारून लिहिलं : हातात ३७००.

"आमच्या दोघींच्या तिकिटाचे पैसे होते ते," वृंदा म्हणाली.

"सहा महिन्यांत तिकडून पाठवतो. दिवाळीला तुम्ही दोघी तिकडे."

"बाई म्हणत होत्या, वर्षभर बिनपगारी रजा मिळेल." बाई म्हणजे तिच्या मुख्याध्यापिका.

"रजा कशाला? परत यायचंय का तुला लगेच?"

"तसं नाही. पण असू दे ना हाताशी."

"वृंदा," मी कॅलेंडर तिच्यापुढे धरलं, "हे बघ. इथे सगळं आहे."

ती त्या आकड्याकडे बराच वेळ बघत राहिली. गणित तिला माझ्याहून चांगलं येतं. पण ती तिसरीला शिकवत होती, आणि मी अख्ख्या प्लँटला.

माझे सासरे अण्णा रोह्याचे, निवृत्त हेडमास्तर. निरोप घ्यायला गेलो तेव्हा त्यांनी कॅलेंडरचा तो कागद चष्मा लावून वाचला. (हो, मी तो बरोबर नेला होता.)

"जावईबापू, हा आकडा तिकडच्या कुणी कळवलाय?"

"नाही, मी काढलाय."

"कुणाला विचारून घेतलंत?"

"अण्णा, कर म्हणजे कर. तत्त्व सगळीकडे एकच."

"मग बरं," अण्णा म्हणाले आणि चष्मा काढून ठेवला. त्या 'मग बरं'चा अर्थ मला कळायला विमानाने साडेआठ तास लागले आणि वर चार आठवडे.

एप्रिलअखेर वृंदाने राजीनामा दिला. शाळेत तिचा निरोप समारंभ झाला. तिसरी बच्या मुलांनी वर्गणी काढून तिला एक सूटकेस दिली, विमानात न्यायला. मेच्या पहिल्या आठवड्यात मी निघालो.

ऱ्हाईन नदीच्या काठी एक मध्यम आकाराचं गाव, तिसऱ्या मजल्यावर एक खोली. महिना संपला आणि पाकिटातून पगाराची स्लिप आली, माझ्या आकड्यापेक्षा खूपच कमी. मला वाटलं, मी आठवडाभर उशिरा रुजू झालो म्हणून कापले असतील. मग वाटलं, अर्ध्या महिन्याचा पगार असेल. मग मी स्लिप उलटी करून मागे काही आहे का ते पाहिलं. शेवटी पगार विभागात गेलो. तिथे फ्राऊ केलर नावाच्या पन्नाशीच्या बाई होत्या. त्यांचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी अधूनमधून भेटायचं.

"काहीतरी चुकलंय," मी म्हणालो.

त्यांनी स्लिप तपासली. "बरोबर आहे."

मग पेन्सिलीने एकेक ओळ समजावली. हा पगारावरचा कर. हे पेन्शन. हा आजारपणाचा विमा. हा नोकरी गेली तर. हा म्हातारपणी कुणी सांभाळायला लागलं तर.

"आणि हे?"

"भिंत पडल्यावर दोन्ही जर्मनी एक झाले ना. त्या खर्चासाठी."

"भिंत पडली तेव्हा मी रोह्याला होतो," मी म्हणालो.

"आता इथे आहात," त्या शांतपणे म्हणाल्या.

आता मात्र माझी वेळ आली होती. मी प्लास्टिकची पिशवी काढली आणि सगळ्या पावत्या त्यांच्या टेबलावर मांडल्या : विमा, पोस्ट, मुक्ताचा विमा. प्लँटमधल्या लोकांपुढे मांडायचो तशाच, तारखेप्रमाणे. फ्राऊ केलरने प्रत्येक पावती आदराने हातात घेतली. अशोकस्तंभाच्या शिक्क्यावरून बोट फिरवलं.

"हे कशाचं?"

"माझ्या मुलीच्या लग्नाचं."

"अभिनंदन. कधी आहे?"

"अजून वीस वर्षांनी. ती चार वर्षांची आहे."

त्यांनी माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं, पावत्या नीट एकावर एक ठेवल्या आणि परत दिल्या. "सुंदर आहेत," त्या म्हणाल्या. "पण याचा आम्हाला काही उपयोग नाही."

आणि मग त्यांनी खरी गोष्ट सांगितली. तिकडे कराचे वर्ग असतात, शाळेसारखे. मला त्यांनी पहिल्या वर्गात घातलं होतं. पहिला वर्ग म्हणजे अविवाहित. सगळ्यात जास्त कापतात तो.

"माझं लग्न झालंय. सात वर्षं झाली." मी पाकिटातला फोटो दाखवला.

"पत्नी कुठे राहतात?"

"पेणला."

"त्या इथे राहायला आल्या की तुमचा वर्ग बदलेल. तिसरा. मग महिन्याला चार-पाचशे मार्क जास्त हातात येतील."

"पण तेवढे हातात आले तरच मी तिला आणू शकतो."

फ्राऊ केलरने पेन्सिल खाली ठेवली. या वाक्यात काहीतरी अडकलंय हे त्यांनाही कळलं असावं. "हो," त्या म्हणाल्या, "तसंच आहे."

कुटुंब आणायचं तर दोन खोल्यांचं घर दाखवावं लागे. घराला तीन महिन्यांचं भाडं अनामत. वर दोन तिकिटं. आणि तिकिटांचे पैसे पेणच्या पोस्टात सहा वर्षांसाठी सुरक्षित होते. माझ्या हातात पडत होते दोन हजार चारशे तीस.

हे मी त्याच दिवशी वृंदाला कळवायला हवं होतं. माझी खरी चूक आकड्याची नाही, ही आहे. आकडा चुकणं हा अडाणीपणा. तो लपवणं हा माझा स्वतःचा गुण.

दर रविवारी मी पोस्टाच्या पिवळ्या टेलिफोन बूथमधून रामवाडीच्या एसटीडी बूथवर फोन करायचो. वृंदा आणि मुक्ता दुपारी तिथे येऊन बसायच्या.

"घर बघताय ना?" वृंदा विचारायची.

"बघतोय."

हे मात्र खोटं नव्हतं. मी एक घर खरंच बघत होतो. नदीजवळ, दुसरा मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघराच्या खिडकीतून चेस्टनटचं झाड दिसायचं. अनामत परवडणार नव्हती, तरी मी ते तीनदा बघितलं. इथे मुक्ताची कॉट. इथे वृंदाने वह्या तपासायला बसायचं (तिला वह्या उरल्या नव्हत्या, हे मी विसरायचो). मनातल्या मनात मी खिडकीत तुळसही ठेवून झालो. चौथ्या वेळी घरमालकाने दार अर्धंच उघडलं आणि साखळी काढली नाही. त्याला वाटलं, हा माणूस चोरीची पाहणी करतोय. मी त्याला सांगू शकलो नाही की मी फक्त राहून बघतोय.

ट्राममध्ये समोर कुणी बाई लहान मुलीच्या बुटाची नाडी बांधत असली की मी माझा स्टॉप चुकवायचो.

ऑक्टोबरमध्ये वृंदाने विचारलं, "दिवाळी आली. काय सांगू सगळ्यांना?" आणि मला तेव्हा पगारवाढीची आशा होती म्हणून मी म्हणालो, "सांग, आम्ही निघतोय म्हणून." पगारवाढ झाली. पन्नास मार्क. त्यातले एकवीस भिंतीसकट बाकीच्या गोष्टींत गेले.

तोवर पेणमध्ये जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. वृंदाने रामवाडीच्या खोल्या सोडल्या. आसपासच्या आणि शाळेतल्या मिळून एकोणीस बायकांनी तिची ओटी भरली. एकोणीस नारळ, एकोणीस ब्लाउजपीस आणि एका पोत्यात मावतील इतके तांदूळ. आणि एकदा ओटी भरून निरोप दिल्यावर बाईने गावात दिसायचं नसतं. तशी लिखित अट नाही, पण दुसऱ्या दिवशी तुम्ही मंडईत दिसलात तर भेंडीवाली सुद्धा "अजून हितंच?" म्हणते. म्हणून वृंदा "चार दिवस वडिलांकडे राहून तिथूनच निघते" म्हणून रोह्याला गेली.

ते चार दिवस सुरू झाले आणि संपेनात. पेणचं कुणी रोह्याला येणार असलं की वृंदा बाहेर पडायची नाही. रविवारचा फोन मी आता रोह्याच्या बूथवर करायचो. अण्णा काही विचारत नसत. पत्राच्या शेवटी फक्त एक ओळ : "येथे सर्व क्षेम. नारळ संपत आले."

मार्चमध्ये हिरामावशीने तिला रोह्यात गाठलं. हिरामावशी खाडीकाठच्या गावची. नवरा मिठागरावर, ती रोज रामवाडीत भाजी विकायची आणि भाजीबरोबर बातम्या फुकट द्यायची. तिची लेक रोह्याला दिलेली, हे वृंदाच्या लक्षात राहिलं नव्हतं.

"अगो वृंदाबाय! तू तं जर्मनीला व्हतीस ना?"

वृंदा आयुष्यात खोटं बोललेली नव्हती. "सुट्टीवर आलेय, मावशी," ती म्हणाली.

"कवा आलीस?"

"परवाच."

"गोरी नाय झालीस."

"तिकडे थंडी असते. ऊन नसतं."

"मंग तं आनखी गोरी व्हायला पायजे व्हतीस. भात मिलतो का गो तिकडं?"

त्या आठवड्यात मला वृंदाचं पत्र आलं. तक्रार नव्हती. फक्त प्रश्न होते. भात मिळतो का? कुठल्या दुकानात? दूध पिशवीत की बाटलीत? ट्राम म्हणजे नक्की कशी? शेजारी कोण? "मला लोकांना सांगावं लागतं," तिने लिहिलं होतं, "आणि चुकीचं सांगायला आवडत नाही."

मी उत्तर लिहायला बसलो आणि अकरा पानं लिहिली. सकाळी ट्रामची घंटा कशी वाजते, बेकरीपासून उजवीकडे वळलं की चर्चचं घड्याळ कसं सात मिनिटं पुढे असतं, तळमजल्यावरची म्हातारी कुत्र्याशी कशी भांडते. घराचंही लिहिलं, चेस्टनटच्या झाडासकट. पगाराचं सोडून सगळं. मग दर आठवड्याला असं पत्र जाऊ लागलं. मला वाटतं, आमच्या लग्नात एवढं बोलणं मी पूर्वी कधी केलं नव्हतं. ती तिकडे रोह्यात बसून माझ्याबरोबर जर्मनीत राहत होती, आणि मी तिला भाडंही पाठवू शकत नव्हतो.

व्हायचं ते झालं. हिरामावशीकडून बातमी पेणला गेली आणि मुख्याध्यापिकाबाईंचं पत्र आलं : आमच्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू आहे, अनायासे सुट्टीवर आला आहात तर 'जर्मनीतले दिवस' या विषयावर चार शब्द बोला.

नाही म्हणायचं तर कारण हवं. कारण सांगायचं तर खरं सांगायला हवं. वृंदा गेली. पुढचं मला तिने नंतर सांगितलं, आणि थोडं हिरामावशीने, चढवून.

चाळीस बायका, आंब्याची डाळ, पन्हं. वृंदा उभी राहिली आणि अर्धा तास बोलली. ट्राम सांगितली, बेकरी सांगितली, म्हातारी आणि कुत्रा सांगितला. बायका हसून बेजार. मध्येच कुणीतरी विचारलं, नदी कशी आहे? नदीबद्दल मी काही लिहिलं नव्हतं. वृंदाने डोळ्यांपुढे होती ती रोह्याची कुंडलिका सांगितली. संथ पाणी, वर पूल, पलीकडे कंपन्यांची धुराडी, वारा फिरला की वास. (मी पुढे ताडून पाहिलं. एक शब्द चुकला नव्हता.)

शेवटी मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं, "आणि वृंदाबाई, तिकडे राहून सगळ्यात जास्त आठवण कशाची येते?"

"माझ्या वर्गाची," वृंदा म्हणाली. "तिसरी बची."

ती खाली बसली, पन्ह्याचा पेला हातात घेतला, परत ठेवला.

"मी गेलेच नाही," ती म्हणाली. "मी रोह्यालाच आहे. पहिल्यापासून."

मागून हिरामावशी म्हणाली, "मंग ती ट्रामगाडी?"

"ती ह्यांच्या पत्रातली."

"सांगितलीस मातर झ्याक गो. मी तं बसले व्हते तिच्यात."

मग एकदम सगळ्या बोलायला लागल्या. कुणी तिच्या पाठीवरून हात फिरवला, कुणी मला नावं ठेवली (ती नावं वृंदाने मला सांगितली नाहीत, हिरामावशीने सांगितली). आणि पोस्टमास्तरांच्या पत्नीने एक तात्त्विक मुद्दा काढला : वृंदा आता खरोखर गेली, तर ओटी पुन्हा भरायची की आधीची चालेल? यावर दोन तट पडले आणि हळदीकुंकू तासभर लांबलं.

मला आलेलं पत्र चार ओळींचं होतं. "पेणमध्ये सगळ्यांना खरं सांगितलं. हलकं वाटतंय. आता मला खरं कळायचं राहिलंय. पगार हातात किती येतो ते कळवा. अंदाज नको."

उत्तराची मी सहा पत्रं लिहिली. सहाही पत्रं भिंतीपासून सुरू होऊन दोन्ही जर्मनींच्या एकत्रीकरणात शिरत आणि माझ्यापर्यंत येण्याआधी कागद संपे. शेवटी मी एकच पत्र पुरं केलं, ते नोकरी सोडण्याचं. फ्राऊ केलरने ते वाचलं.

"पत्नी आल्या असत्या तर वर्ग बदलला असता," त्या म्हणाल्या.

"हो. पण मला आता पहिल्या वर्गात बसवत नाही."

जुलैच्या सुरुवातीला मी रोह्याला अण्णांच्या घरी पोचलो. बाहेर धोधो पाऊस होता. मुक्ता मला बघून आधी आजोबांच्या मागे लपली, मग अर्ध्या तासाने माझ्या मांडीवर येऊन बसली आणि बराच वेळ तिथून हललीच नाही. वृंदा संध्याकाळी आली, पेणहून, पॅसेंजरने. मुख्याध्यापिकाबाईंनी तिला जूनपासून परत घेतलं होतं, हंगामी म्हणून. नऊ वर्षांची नोकरी शून्य धरून.

अण्णांनी छत्री उचलली. "मी जरा नदीपर्यंत जाऊन येतो."

"अण्णा, पाऊस केवढा पडतोय," वृंदा म्हणाली.

"म्हणूनच. पाणी बघून येतो." आणि ते मुक्ताला घेऊन शेजारी जाऊन बसले.

मी सगळ्या स्लिपा जमिनीवर मांडल्या आणि समजावायला लागलो. हा कर, हे पेन्शन, हा विमा, ही भिंत. वृंदाने चौथ्या स्लिपेला हात वर केला, वर्गात करते तसा.

"आकडा मला कळला," ती म्हणाली. "आता तुमचं सांगा."

तेव्हा मी सांगितलं. मी कुणाला विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर मला येत नाही हे कळलं असतं. रजा मिळत असताना तुला राजीनामा द्यायला लावला, तो माझा आकडा मोठा दिसावा म्हणून. आणि तुम्ही येऊ शकत नाही हे मला माहीत असूनही अकरा महिने तुला दर रविवारी फोनवर ताटकळत ठेवलं. त्या अकरा महिन्यांसाठी मला माफ कर.

वृंदाने स्लिपा उचलल्या, तारखा पाहिल्या आणि बोटांवर मोजलं.

"तेरा," ती म्हणाली.

"पहिले दोन मी धरले नव्हते. तेव्हा मला वाटत होतं, काहीतरी सूट मिळेल."

"तेही धरा."

मग मी ते दोनही धरले, आणि पूर्ण तेरा महिन्यांची माफी पुन्हा पहिल्यापासून मागितली. दहा वर्षं लोकांचा कर कमी करून देणारा मी. माझ्या हिशेबात वाढ निघण्याची ती पहिलीच वेळ, आणि तो हिशेब मात्र बरोबर होता, कारण तो वृंदाने केला होता.